मजकूर, बाइट आणि मधला टप्पा : करप्ट फाइलींचा पूर्वेतिहास

सर्व्हरलेस पद्धतीने चालणाऱ्या संकेतस्थळावरून डाउनलोड केलेली फाइल उघडत नाही, पीडीएफची पाने संख्येने बरोबर असतात पण कोरी दिसतात, एक्सेलची फाइल उघडताना ती खराब झाल्याचा संदेश येतो, या तक्रारी गेल्या दशकात संगणकव्यवहाराच्या नेहमीच्या झाल्या असल्या, तरी त्यांचे मूळ त्या पद्धतीहून पन्नास वर्षांनी जुने आहे. सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसलेली व्यवस्था नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःचा सर्व्हर न बाळगता आपला कोड लहान लहान फंक्शनांच्या रूपात क्लाउड कंपनीच्या हवाली करावा आणि कोणी विनंती केली की तेवढ्यापुरते ते फंक्शन चालावे, अशी ही रचना आहे. या रचनेत फाइल बिघडते ती बहुतेक वेळा तारेतील दोषामुळे बिघडत नाही. वाटेतला एखादा टप्पा हाती आलेले सर्व काही मजकूरच आहे असे गृहीत धरतो आणि त्या समजुतीने त्यावर संस्कार करतो, तेथे ती बिघडते. टेलिप्रिंटर, फाइलींची देवाणघेवाण, ई-मेल आणि आता सर्व्हरलेस फंक्शने अशा निरनिराळ्या काळांत हाच दोष पुन्हा पुन्हा उद्भवला आणि प्रत्येक वेळी त्यावरचा उपायही जवळजवळ तोच निघाला. म्हणून आजच्या बिघाडाचे निदान करणाऱ्याला हा इतिहास माहीत असणे ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

या इतिहासाचा आरंभ १९६३ मध्ये अमेरिकन स्टँडर्ड्स असोसिएशनने प्रसिद्ध केलेल्या आस्की या संकेतसंचापासून धरता येतो. संगणकात प्रत्येक अक्षर एका संख्येने दाखवले जाते, आणि कोणत्या अक्षराला कोणती संख्या हे ठरवणाऱ्या तक्त्याला संकेतसंच म्हणतात. आस्कीने त्यासाठी सात बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा सात खुणा, पुरेशा मानल्या आणि त्यांतून १२८ संकेत मिळाले. पुढे आठ बिटांचा बाइट हे साठवणुकीचे सर्वमान्य एकक बनले, त्यामुळे एका बाइटात ० ते २५५ अशा २५६ किमती मावू लागल्या. परंतु संदेशवहनाच्या वाटांवर आठव्या बिटाला स्वतःचा अर्थ नव्हता. काही यंत्रणा तो बिट चूक शोधण्यासाठी वापरत, काही तो सरळ शून्य करून टाकत. इंग्रजी मजकुराला याची कधी झळ लागली नाही, कारण त्याची सर्व अक्षरे १२८ च्या आतच होती. चित्र, ध्वनी किंवा चालवता येणारा प्रोग्राम यांत मात्र सर्व २५६ किमती येतात, आणि तेथे आठवा बिट गेला की निम्मा अर्थ जातो.

दुसरी अडचण ओळ संपवण्याच्या रीतीतून आली. टेलिटाइप मॉडेल ३३ सारख्या यंत्रांवर नवी ओळ सुरू करण्यासाठी दोन स्वतंत्र क्रिया लागत : छापणारा भाग डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. आस्कीमध्ये त्यांना अनुक्रमे १३ आणि १० हे संकेत मिळाले. पुढे युनिक्स या कार्यप्रणालीने केवळ १० ठेवला, डॉसने १३ आणि १० हे दोन्ही ठेवले, आणि एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत मजकूर नेताना या खुणांची अदलाबदल करणे आवश्यक ठरले. आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवर फाइली पाठवण्याच्या नियमांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीतील अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून ते तेथे गेले होते. एफटीपी या नावाने हे नियम विकसित होत गेले आणि १९८५ मध्ये त्यांना जे स्थिर रूप मिळाले, त्यात फाइल पाठवण्याचे दोन मुख्य प्रकार होते : आस्की प्रकारात ओळींच्या खुणा बदलल्या जात, तर इमेज प्रकारात, ज्याला वापरणारे बायनरी म्हणत, एकही बाइट बदलला जात नसे. वापरणाऱ्याने काहीच न सांगितल्यास आस्की प्रकार लागू होई. संपीडित फाइलीत, म्हणजे आकार कमी करण्यासाठी दाबून बसवलेल्या फाइलीत, २५६ किमती साधारण सारख्या प्रमाणात विखुरलेल्या असतात, त्यामुळे दर २५६ बाइटांमागे सरासरी एकदा १० ही किंमत ओळीचा शेवट म्हणून नव्हे तर योगायोगाने येते. आस्की प्रकारात अशा प्रत्येक १० मागे एक १३ घुसवला गेला की फाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी फुगते आणि तरीही पूर्ण निकामी होते.

ई-मेलच्या वाटेवर हे बंधन अधिक कडक होते. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लेखनबद्ध केलेल्या एसएमटीपी या नियमावलीने सात बिटांचा आस्की मजकूर आणि ठरावीक लांबीपर्यंतच्या ओळी एवढ्याच गोष्टींची हमी दिली होती. मजकुराच्या वाटेने मजकूर नसलेली गोष्ट न्यायची तर तिला मजकुराचा वेश चढवणे भाग होते. बर्कलीत मेरी अॅन हॉर्टन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या यूयूएन्कोड या प्रोग्रामने तीन बाइटांचे चोवीस बिट घेऊन त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गटासाठी एक छापील चिन्ह वापरले. परंतु त्यात रिकामी जागा आणि काही विरामचिन्हेही वापरली जात असल्यामुळे, आयबीएमच्या एबसिडिक या वेगळ्या संकेतसंचावर चालणाऱ्या यंत्रणांतून जाताना तीच चिन्हे बदलत. १९८७ मध्ये गोपनीय ई-मेलच्या नियमांसाठी पुढे आलेल्या आणि नंतर बेस-६४ म्हणून रूढ झालेल्या पद्धतीने हा धडा घेतला : इंग्रजीतील मोठी व लहान अक्षरे, दहा अंक, अधिक चिन्ह आणि तिरकी रेघ अशी जी ६४ चिन्हे सर्व प्रचलित संकेतसंचांत हमखास सापडतात, तेवढीच तिने निवडली. तीन बाइटांची चार चिन्हे होत असल्यामुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो. सुरक्षित प्रवासासाठी ही किंमत त्या काळाने मान्य केली.

वेश चढवणे पुरेसे नव्हते; समोरच्याला तो उतरवायचा आहे हे कळणेही आवश्यक होते. जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम या नियमांचे खरे महत्त्व येथे आहे. त्यांनी प्रत्येक संदेशभागाला दोन चिठ्ठ्या जोडल्या. आतली वस्तू कोणत्या जातीची आहे, साधा मजकूर, चित्र की ध्वनी, हे पहिली चिठ्ठी सांगते. प्रवासासाठी तिच्यावर कोणती प्रक्रिया केली आहे, उदाहरणार्थ बेस-६४, हे दुसरी सांगते. या दोन प्रश्नांची फारकत केल्यामुळेच ई-मेलला फाइल जोडणे ही तज्ज्ञांची कसरत न राहता सर्वसामान्यांची सवय होऊ शकली. यानंतरच्या काळात फाइली जेव्हा जेव्हा बिघडल्या, तेव्हा बहुधा या दोन चिठ्ठ्यांपैकी एक गहाळ होती किंवा चुकीची होती.

मराठीचा या कथेशी संबंध वरवरचा नाही. जुन्या वाटांच्या दृष्टीने परका ठरणारा ऐवज केवळ चित्रे आणि प्रोग्राम एवढाच नव्हता. देवनागरी मजकूरही त्यात मोडत होता. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या इस्की या संकेतसंचाने खालचे १२८ संकेत आस्कीसाठी राखून भारतीय लिप्यांना वरच्या अर्ध्या भागात जागा दिली; पुण्यातील सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे त्याचा प्रसार केला. याचा अर्थ असा की आठवा बिट पुसणाऱ्या वाटेवरून इस्कीतील मराठी मजकूर सुखरूप जाणे शक्यच नव्हते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीतही देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि ते तिन्ही १२७ च्या वरचे असतात. 'म' हे अक्षर २२४, १६४, १७४ असे साठवले जाते; यांतील प्रत्येकाचा आठवा बिट काढला तर ९६, ३६, ४६ उरतात, आणि पडद्यावर 'म'च्या जागी उलटे अवतरणचिन्ह, डॉलरची खूण आणि पूर्णविराम उमटतो. मराठी ई-मेल आजही अनेकदा बेस-६४ च्या वेशातच प्रवास करते, ते याच जुन्या बंधनाच्या वारशामुळे.

वाटेवरच्या या धोक्यांचा अनुभव फाइलींच्या रचनेतही उतरला, आणि त्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला नमुना म्हणजे पीएनजी या चित्रप्रकाराचे पहिले आठ बाइट. १९९५ मध्ये थॉमस बुटेल यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळालेल्या या प्रकारातील प्रत्येक फाइल १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या बाइटांनी सुरू होते. पहिला बाइट मुद्दाम १२७ च्या वरचा आहे. आठवा बिट पुसणाऱ्या वाटेवर त्याचा ९ होतो आणि बिघाड तत्काळ उघड होतो. पुढचे तीन बाइट पीएनजी या इंग्रजी अक्षरांचे आहेत. त्यानंतरची १३ आणि १० ही जोडी आणि शेवटचा एकटा १० हे ओळींच्या खुणा बदलणाऱ्या यंत्रणेला पकडण्यासाठी आहेत, कारण तिने जोडीचा एक केला किंवा एकाची जोडी केली तरी क्रम मोडतो. मधला २६ हा डॉसमध्ये फाइल पडद्यावर छापली जात असल्यास ती थांबवणारा संकेत आहे. तीस वर्षांच्या नुकसानीतून शिकलेले सारे या आठ संख्यांत एकवटले आहे. पीडीएफच्या नियमांनीही अशीच शिफारस केली, की पहिल्या ओळीनंतर लगेच १२७ च्या वरचे किमान चार बाइट असलेली टिप्पणी ठेवावी, म्हणजे फाइल वाहून नेणारे प्रोग्राम तिला मजकूर समजणार नाहीत.

पीएनजीच्या आधीच या प्रश्नाचे तात्त्विक उत्तरही मांडले गेले होते. एमआयटीतील जेरोम साल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८१ मध्ये सादर केलेल्या आणि १९८४ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या निबंधात फाइल काळजीपूर्वक एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचेच उदाहरण केंद्रस्थानी आहे. त्यांचे प्रतिपादन असे, की मधल्या प्रत्येक टप्प्याने आपापल्यापुरती तपासणी केली, तरी फाइल अखंड पोहोचली आहे याची खात्री केवळ दोन टोकांनाच करता येते. त्यासाठी त्यांनी एमआयटीतीलच एक घटना नोंदवली. तेथील नेटवर्कांना जोडणाऱ्या गेटवे यंत्रांदरम्यान प्रत्येक टप्प्यावर तपासणी होत होती, परंतु गेटवेच्या आत, एका जागेतून दुसऱ्या जागेत डेटा हलवताना, त्यावर कोणतेच लक्ष नव्हते. एका गेटवेत दोष निर्माण झाला आणि सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा शेजारचे दोन बाइट आपसांत बदलू लागले. त्या वाटेने वारंवार ये-जा केलेल्या एका कार्यप्रणालीच्या मूळ फाइली हळूहळू बिघडत गेल्या, आणि शेवटी संबंधितांना जुन्या छापील प्रती समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. तार निर्दोष होती आणि दोन थांब्यांमधली तपासणी चोख होती. बिघाड थांब्याच्या आत होता.

वेबच्या आगमनाने हा प्रश्न काही काळ मागे पडला. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील व्यवहाराचे नियम, म्हणजे एचटीटीपी, आठही बिट जसेच्या तसे वाहून नेतात. त्यामुळे त्यांनी माइमकडून वस्तूची जात सांगणारी चिठ्ठी घेतली आणि वेश सांगणारी चिठ्ठी अनावश्यक म्हणून सोडून दिली. परंतु दुसरीकडे मजकुराची व्याख्याच बदलत होती. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेली यूटीएफ-८ पद्धत पुढे जगभरच्या लिप्यांसाठी प्रमाण बनली. तिच्यात १२७ च्या वरचे बाइट ठरावीक क्रमानेच येऊ शकतात. तो क्रम मोडलेला दिसला तर वाचणारा प्रोग्राम बहुधा त्या जागी बदली चिन्ह, म्हणजे चौकटीतील प्रश्नचिन्हासारखी खूण, घालतो आणि ती खूण २३९, १९१, १८९ अशी साठवली जाते. मजकुराच्या बाबतीत ही शिस्त हितकर आहे. चित्राला किंवा संपीडित फाइलीला ती लागू झाली की मात्र परिणाम कायमचा होतो, कारण वेगवेगळ्या किमतींच्या बाइटांची एकच खूण होते आणि कोणत्या खुणेखाली कोणता बाइट होता हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ पासून पुढे आणलेला जेसन हा डेटा मांडण्याचा प्रकार या नव्या वातावरणात सर्वत्र पसरला. त्यात संख्या, शब्द, याद्या आहेत, पण केवळ बाइटांसाठी कोणतीही जागा नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये अॅमेझॉनने लॅम्डा ही सर्व्हरलेस सेवा जाहीर केली आणि जुलै २०१५ मध्ये एपीआय गेटवे ही तिच्यासमोरची देवडी उघडली, तेव्हा दोघांमधील संभाषणासाठी जेसन निवडला गेला. ब्राउझर आणि गेटवे यांच्यातली वाट आठ बिटांची होती, परंतु गेटवे आणि फंक्शन यांच्यातली वाट पुन्हा मजकुराची झाली. आरंभी गेटवेतून चित्र किंवा पीडीएफ जसेच्या तसे पाठवण्याची सोयच नव्हती. ती नोव्हेंबर २०१६ मध्ये आली. तेव्हापासून फंक्शनने फाइलीचे बेस-६४ रूप करावे आणि उत्तरासोबत ते बेस-६४ आहे की नाही हे होय किंवा नाही अशा एका खुणेने कळवावे, अशी रीत पडली. ही खूण म्हणजे १९९२ च्या माइममधील दुसऱ्या चिठ्ठीचाच पुनर्जन्म होय. वेबने जिला निरोप दिला होता, ती चिठ्ठी वाट पुन्हा अरुंद झाल्यावर परत बोलवावी लागली.

या रचनेत आणखी एक अट होती आणि अनेक बिघाडांचे मूळ तिच्यात सापडते. गेटवेच्या जुन्या प्रकारात, ज्याला रेस्ट एपीआय म्हणतात, कोणत्या जातीच्या फाइली बायनरी मानायच्या याची यादी आधी नोंदवावी लागते, आणि वेश उतरवायचा की नाही हे गेटवे ठरवतो ते मागणाऱ्याने आपल्याला काय चालेल म्हणून पाठवलेल्या यादीतील पहिले नाव पाहून. साध्या दुव्यावर क्लिक केल्यास ब्राउझर त्या यादीत पहिले नाव एचटीएमएलचे देतो. परिणामी बायनरी जातींच्या यादीत पीडीएफची नोंद असूनही फाइल बेस-६४ रूपातच हाती पडते, आणि चाचणीच्या साधनातून, जिथे मागणी नेमकी लिहिलेली असते, तीच फाइल नीट उघडते. यावर सर्व जातींना बायनरी मानणारी नोंद करणे आणि नंतर बदल पुन्हा प्रकाशित करणे हा रूढ उपाय आहे. २०२० मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या एचटीटीपी एपीआय या नव्या प्रकारात फंक्शनने दिलेली खूणच पुरेशी मानली जाते.

हा सारा इतिहास ध्यानात ठेवला तर निदानाची रीत आपोआप स्पष्ट होते, कारण प्रत्येक प्रकारची चूक आपली वेगळी खूण मागे ठेवते. मिळालेली फाइल मूळ फाइलीच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट असेल आणि ती साध्या मजकुराच्या संपादकात उघडल्यावर जे, व्ही, बी, ई, आर या इंग्रजी अक्षरांनी सुरू होत असेल, तर ते पीडीएफचे न उतरवलेले बेस-६४ रूप आहे. तिचे नुकसान झालेले नाही, वेश उतरवला की ती जशीच्या तशी परत मिळते. संपीडित फाइलीचा आकार साधारण दीडपट झाला असेल, तर प्रत्येक बाइटाला स्वतंत्र अक्षर समजून त्याचे यूटीएफ-८ केले गेले आहे, आणि हीदेखील उलट फिरवता येणारी चूक आहे. आकार दीडपटीच्याही पुढे गेला असेल आणि २३९, १९१, १८९ हे त्रिकूट जागोजागी दिसत असेल, तर फंक्शनने बाइटांचे बेस-६४ न करता त्यांना थेट मजकूर मानले आहे. येथे मूळ फाइल पुन्हा तयार करून पाठवण्याखेरीज मार्ग नाही. पीएनजीच्या पहिल्या १३७ च्या जागी हेच त्रिकूट आलेले असते, आणि त्याच्या पाठोपाठ पीएनजी ही अक्षरे मात्र शाबूत असतात. कोऱ्या पानांच्या पीडीएफचे कोडेही यातूनच सुटते : पानांची संख्या आणि मांडणी सांगणारा भाग अनेकदा आस्की मजकुरात असल्यामुळे वाचतो, परंतु पानांवरचा आशय संपीडित बाइटांत असल्यामुळे नष्ट होतो.

खुणांवरून तर्क झाल्यावर तो पडताळण्यासाठी टोकापासून टोकापर्यंत जावे लागते. फाइलीतील सर्व बाइटांवरून काढलेल्या आणि एक बाइट बदलला तरी पूर्ण बदलणाऱ्या छोट्या संख्येला हॅश म्हणतात. फंक्शनमध्ये फाइल तयार होताच, बेस-६४ केल्यावर ती पुन्हा उलगडून, गेटवेतून बाहेर पडल्यावर आणि शेवटी डिस्कवर उतरल्यावर अशा प्रत्येक ठिकाणी हॅश काढला, की ज्या दोन टप्प्यांमध्ये तो बदलतो तेथेच दोष असतो. अनेकदा असा शोध घेतल्यावर सर्व्हर निर्दोष निघतो आणि पृष्ठावरील जावास्क्रिप्टने आलेले उत्तर बाइट म्हणून न घेता मजकूर म्हणून घेतल्याचे आढळते. मोठ्या फाइलींना आणखी एक मर्यादा आड येते : लॅम्डाचे साधे उत्तर ६ एमबीपेक्षा मोठे असू शकत नाही आणि बेस-६४ मुळे प्रत्यक्ष फाइलीसाठी त्यातील सुमारे ४.५ एमबीच उरतात. म्हणून फाइल एस-थ्री सारख्या साठवणसेवेत ठेवून तिचा ठरावीक मुदतीचा स्वाक्षरीयुक्त दुवा देणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. त्याने मजकुराची ती अरुंद वाटच टाळली जाते.

सातबाराचा उतारा, परीक्षेचा निकाल, न्यायालयाचा निवाडा, जुन्या हस्तलिखितांच्या स्कॅन केलेल्या प्रती या साऱ्या गोष्टी आता लोकांपर्यंत डाउनलोडच्या रूपानेच पोहोचतात, आणि कागदावर ज्या अचूकतेची अपेक्षा धरली जाते तीच या फाइलींकडूनही धरली पाहिजे. गेल्या साठ वर्षांनी दोन नियम पक्के केले आहेत : बाइटांसोबत ते काय आहेत आणि कोणत्या वेशात आहेत हे सांगणारी चिठ्ठी सतत राहिली पाहिजे, आणि पोहोचल्याची खात्री मधल्या कोणावर न सोडता दोन्ही टोकांनी स्वतः केली पाहिजे. सर्व्हरलेस रचनेत मधले टप्पे दुसऱ्याच्या मालकीचे आणि नजरेआड असल्यामुळे हे नियम पूर्वीपेक्षा अधिक लागू होतात. फाइल तयार करणाऱ्या संस्थेने तिच्यासोबत तिचा हॅश प्रसिद्ध करावा आणि घेणाऱ्याने तो ताडून पाहावा, एवढी शिस्त रूढ झाली तर यापुढे येणारी कोणतीही नवी व्यवस्था पुन्हा सर्व काही मजकूरच आहे असे समजली, तरी ती चूक त्याच दिवशी उघडकीला येईल.